ज्योती हे नाव कोणाचे?

चैत्री पौर्णिमेच्या दिवशी वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळ्याच्या शेजारी उभा असलेला हा डोंगर लोकांच्या तोंडी केवळ ‘जोतिबा’ आहे. देवाचे नाव कोणते आणि डोंगराचे कोणते, असा भेद तेथे कोणी करीत नाही. उंच उंच सासनकाठ्या, गुलाल-खोबऱ्याची उधळण, दवण्याचा उग्र-मधुर वास आणि हजारो कंठांतून एकाच वेळी उमटणारा ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ हा घोष! आपण ख्रिस्ती माणसे त्या यात्रेत भाविक म्हणून जात नाही. परंतु या परिसरात आयुष्य काढलेल्या माणसाला तो घोष परका वाटत नाही. त्यातील एका शब्दाकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. भले व्हायचे ते ‘नावानं’. नावात सामर्थ्य आहे, नावाने हाक मारली की कोणीतरी ऐकते, ही श्रद्धा त्या घोषात आहे. आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने कपाळावर क्रुसाची खूण करणाऱ्या आपल्यालाही ती अपरिचित नाही.

या डोंगराच्या देवावरून ज्यांची नावे पडली, त्यांत सर्वांत थोर नाव महात्मा जोतीराव फुले यांचे. त्यांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. तो जोतिबाच्या यात्रेचा दिवस होता, म्हणून मुलाचे नाव जोती ठेवले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे ते ‘फुले’ झाले. म्हणजे नावात ज्योत आणि आडनावात फूल! कोणा कवीने बसून हे जुळविले नव्हते. एक यात्रेने दिले, दुसरे धंद्याने. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. त्यामुळे पुष्कळ वर्षी जोतिबाची यात्रा आणि आपला पुनरुत्थानाचा सण एकाच चंद्राच्या उजेडात येतात. १८२७ साली ईस्टर १५ एप्रिलला होता. जोतीराव जन्मले तो दिवस आपल्या पंचांगाप्रमाणे पवित्र सप्ताहातील बुधवार होता.

हे सारे मनात घोळू लागले ते एका बारशामुळे. कोल्हापूरजवळच्या एका कॅथॉलिक कुटुंबात यात्रेच्या आदल्या रात्री मुलगी झाली. बाप फाउंड्रीत कामाला, आई परिचारिका. दोघांनी नाव ठरविले ज्योती. दवाखान्याच्या खिडकीतून डोंगराच्या वाटेने जाणारे दिवे रात्रभर दिसत होते आणि ते पाहतच मुलगी जन्मली, एवढे साधे कारण. परंतु मुलीची पणजी अडून बसली. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत सांगतो : “फादर, ह्यो उजेड त्या डोंगराचा हाय, आपला न्हवं. माझ्या आईचं नाव द्या लेकराला. लुसी.” तिची आई तरुणपणी ख्रिस्ती झाली, तेव्हा स्नानसंस्कारात तिला ते नाव मिळाले होते. त्या एका नावासाठी तिने माहेर गमावले होते. म्हातारीचा हट्ट हा निव्वळ हट्ट नव्हता, हे आईबापांनाही कळत होते. आणि म्हणूनच प्रश्न बिकट झाला होता. स्नानसंस्काराचा दिवस ठरेना. पणजी म्हणे, ज्योती नावाने होणार असेल तर मी मंदिरात पाऊल टाकणार नाही.

ख्रिस्तसभेचा नियम काय सांगतो, हे अशा वेळी प्रथम पाहावे लागते. १९१७ च्या धर्मसंहितेत (कलम ७६१) धर्मगुरूने बालकाला ख्रिस्ती नाव दिले जाईल हे पाहावे, आणि आईबाप ऐकत नसतील तर त्यांनी दिलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, असा आदेश होता. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतील अनेकांची ‘घरचे एक, नोंदवहीतले दुसरे’ अशी दोन नावे का असत, याचा उलगडा त्यातून होतो. १९८३ च्या संहितेत (कलम ८५५) हा नियम निराळ्या रीतीने मांडला आहे. ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव दिले जाणार नाही याची काळजी आईबाप, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी, एवढेच आता सांगितले आहे. संताचेच नाव हवे, अशी अट उरलेली नाही. जबाबदारीच्या यादीत आईबापांचे नाव पहिले आणि धर्मगुरूचे शेवटचे, हा क्रमही मला बोलका वाटतो. तेव्हा नियमाच्या दृष्टीने प्रश्न एका वाक्यात सुटतो. परंतु नियमाने सुटलेला प्रश्न मनातून सुटतोच असे नाही. उजेड ख्रिस्ती भावनेला परका आहे काय? आणि फूल, पाऊस, नदी, तारा? आज आपल्या धर्मग्रामांत जुई, वर्षा, सरिता, तारका, पल्लवी, सागर, आकाश, किरण अशी नावे सर्रास दिसतात. ती घेताना आपण काय घेतो आणि काय सोडतो?

पवित्र शास्त्र उघडावे तर पहिल्याच माणसाचे नाव मातीवरून पडलेले आढळते. हिब्रू भाषेत ‘अदामा’ म्हणजे भूमी. तिच्यातून घडला तो आदाम. त्या आदामासमोर देवाने पशुपक्षी आणले आणि त्याने त्यांना नावे दिली, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पुढे गंमत अशी झाली की माणसाने ज्यांना नावे दिली, त्यांचीच नावे माणसे आपल्या लेकरांना देऊ लागली. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, योना म्हणजे कबूतर, तामार म्हणजे खजुराचे झाड, सुसान्ना म्हणजे कमळासारखे एक फूल. एस्तेर राणीचे मूळ नाव हदस्सा, म्हणजे मेंदीसारखे एक सुगंधी झुडूप. इस्राएल लोक भोवतालच्या देवदेवतांविषयी किती सावध होते, हे आपण जाणतो. पण झाडा-पाखरांची नावे मुलांना देताना त्यांना भय वाटले नाही. कारण सृष्टी देव नाही, ती देवाच्या हातची आहे, हे त्यांच्या मनात पक्के होते. जो झाडाची पूजा करीत नाही, तो झाडाचे नाव निर्धास्तपणे घेऊ शकतो.

पण पणजीचा आक्षेप झाडाबद्दल नव्हता. नाव दुसऱ्या देवस्थानाशी जोडलेले आहे, हा होता. त्याचेही उत्तर पहिल्या शतकातील ख्रिस्तसभेने दिलेले आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात फिबी नावाच्या भगिनीची मोठ्या आदराने शिफारस केली आहे. फिबी म्हणजे तेजस्विनी. ग्रीक लोक हे नाव चंद्रदेवतेला देत. अपुल्लोस हा प्रेषितांच्या काळातील मोठा वक्ता. त्याचे नाव तर सरळ अपोलो देवावरून आलेले. अथेन्सचा दिओनुस्य पौलाचे भाषण ऐकून विश्वासू झाला. त्याच्या नावात द्राक्षारसाचा देव बसलेला होता. यांपैकी कोणालाही नाव टाकून ये, असे सांगितल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत वा पत्रांत कोठे आढळत नाही. माणूस पालटला आणि त्याच्याबरोबर नावाचा अर्थही पालटला. पुढे त्याच दिओनुस्याच्या नावाने, म्हणजे डेनिस या रूपात, कितीतरी ख्रिस्ती मुले वाढली, आणि त्यांच्या आयांना त्या ग्रीक देवाची आठवणही नव्हती. आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपले नारायण हे नाव तसेच ठेवले, आणि याच नावाने लिहिलेली त्यांची ख्रिस्ती गीते आजही उपासनेत गायिली जातात.

आणि उजेड? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात उजेड पहिल्या दिवशी निर्माण होतो, सूर्य चौथ्या दिवशी. हा क्रम वाचून पूर्वीपासून अनेक जण गोंधळले आहेत. मला मात्र त्यात मोठा दिलासा वाटतो. उजेड सूर्याच्याही आधीचा, मग कोणत्याही डोंगराच्या आधीचा तर नक्कीच. तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. जगात येणाऱ्या प्रत्येक माणसाला उजळविणाऱ्या खऱ्या प्रकाशाविषयी संत योहान बोलतो, आणि १९६५ सालच्या व्हॅटिकन परिषदेच्या अन्य धर्मांविषयीच्या घोषणापत्रात त्या सत्याचा किरण इतरांच्या आचारविचारांतही अनेकदा उमटतो असे म्हटले आहे. डोंगर चढणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातील दिव्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. शिवाय आपल्याकडे प्रत्येक स्नानसंस्कारात पुनरुत्थानाच्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून बापाच्या किंवा धर्मपित्याच्या हाती देतात. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन तर या संस्काराला ‘प्रकाशन’ असेच म्हणतात. त्या अर्थाने बाप्तिस्मा झालेले प्रत्येक बालक ज्योतीच असते. एखाद्याच्या बाबतीत ते नोंदवहीत लिहिले जाते, एवढेच.

लुसी हे नावही ‘लुक्स’ या लॅटिन शब्दावरून आले आहे आणि त्याचा अर्थ उजेड असाच आहे. पणजीला हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. शेवटी ‘ज्योती लुसी’ अशी नोंद झाली, पणजी मंदिरात आली, पहिल्या बाकावर बसली. पण प्रश्न तिच्यापुरता मिटला असे मी म्हणणार नाही. घरातील सारे मुलीला ज्योती म्हणतात, ती एकटी लुसी म्हणते. आणि मला वाटते, तिला तसे म्हणू द्यावे. कारण तिच्या बाजूने एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर या निसर्गनावांच्या हौसेत आपण पुरेसा विचार केलेला नाही.

संत हा माणूस होता. त्याने किंवा तिने प्रेम केले, दुःख सोसले, देवाला होकार दिला. ते नाव घेतलेल्या मुलाला वर्षातून एक दिवस सण मिळतो, एक कथा मिळते, स्वर्गात एक वडीलधारे माणूस मिळते. जुईचे फूल कितीही सुगंधी असले तरी ते तुमच्यासाठी प्रार्थना करीत नाही. सिराक्यूजच्या लुसीने छळाच्या काळात प्राण दिला. ज्योत ज्योतीसाठी काय देणार? पणजीला हे असे मांडता आले नसते, पण तिला म्हणायचे होते ते हेच. आईने ज्या नावासाठी माहेर सोडले, त्या नावात एक माणूस होते. फूल त्या जागी कसे बसवावे?

निसर्गनावाचे आकर्षण आज वाढते आहे, त्यामागे केवळ सौंदर्याची ओढ नाही. त्या नावावरून जात कळत नाही, धर्म कळत नाही. घर भाड्याने घेताना, नोकरीसाठी अर्ज करताना, शाळेच्या पटावर ‘आकाश’ हे नाव कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. एका पालकाने मला हे स्पष्टच बोलून दाखविले. त्याला मी दोष देत नाही. ज्याने आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा बदललेला पाहिला आहे, त्याच्या मनात हा विचार येणारच. जोतीरावांनी ज्या समाजाविरुद्ध आयुष्य वेचले, तो नाव ऐकून माणसाची किंमत करणारा समाज अजून पुरता गेलेला नाही. तरीही मला येथे थोडे थांबावेसे वाटते. नाव सर्वांना जवळचे वाटावे म्हणून फुलाचे घेतले तर ते अंगण आहे. क्रूस झाकण्यासाठी घेतले तर तो पडदा आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. कोणत्या घरात काय आहे, ते त्या घरातल्यांनाच ठाऊक.

या संदर्भात लिमाच्या संत रोझची हकिकत मला नेहमी आठवते. पेरू देशात १५८६ साली तिचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव इसाबेल, आडनाव फ्लोरेस. फ्लोरेस म्हणजे स्पॅनिश भाषेत फुले! आडनावापुरते पाहिले तर जोतीरावांच्याच घरची म्हणावी अशी. चेहऱ्याच्या टवटवीमुळे घरात तिला रोझ म्हणू लागले, आणि पुढे दृढीकरणाच्या वेळी तेच नाव कायम झाले. परंपरा असे सांगते की मुलीला या नावाचा संकोच वाटे : हे संताचे नाव नाही, आपल्या रूपाची स्तुती आहे, असे तिच्या मनाने घेतले. अखेरीस ‘संत मारियेची रोझ’ असे म्हटल्यावर तिचे समाधान झाले. १६७१ साली तिला संत घोषित केले गेले. अमेरिका खंडातील ती पहिली संत. म्हणजे ‘हे संताचे नाव नाही’ म्हणून जे नाव तिला टोचत होते, ते तिच्याच जीवनाने संताचे नाव करून टाकले! संतांची नावेही कोणीतरी प्रथम घेतलेली असतातच. पहिल्या लुसीच्या आधी संत लुसी नव्हती.

आडनावांवरून आठवले. वसईच्या आणि कोकण-गोव्याच्या आपल्या बांधवांना वाटते की निसर्गनावे ही नव्या पिढीची टूम आहे. त्यांनी आपल्या पोर्तुगीज आडनावांचे अर्थ एकदा पाहावेत. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष, सिल्वा म्हणजे रान, ऑलिव्हेरा म्हणजे जैतुनाचे झाड, रिबेरो म्हणजे ओढा, लोबो म्हणजे लांडगा, कुएलो म्हणजे ससा, आणि पिंटो म्हणजे कोंबडीचे पिल्लू. वसईच्या वाडीत केळी आणि पानवेली लावणाऱ्या परेरांनी पिढ्यान्‌पिढ्या दाराशी नासपतीचे झाड पाहिले नाही, पण नावात मात्र ते बाळगले. आता त्यांच्या नातवंडाचे नाव अबोली ठेवले, तर निदान ते फूल अंगणात दाखविता तरी येईल! मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी घेतलेल्या लिओ या नावाचाही अर्थ सिंह असाच आहे.

एवढ्याने विषय संपला असता, तर मी हा लेख लिहिला नसता. पणजीशी बोलताना तिने सहज एक गोष्ट सांगितली आणि माझ्या विचारांची दिशाच बदलली. तिच्या थोरल्या भावाचे नाव धोंडू होते. त्याच्या आधीची तीन मुले दगावली होती.

आपल्या महाराष्ट्रातील खरी जुनी निसर्गनावे ही आहेत : धोंडू, दगडू, कचरू, केरू. माती, दगड, केरकचरा. मूल जगत नसे. मग ज्याच्याकडे मृत्यूची नजर जाणार नाही असे नाव त्याला देत. सुंदर नाव ठेवले तर दृष्ट लागेल, आणि दगडाला कोण नेणार? महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो होते, हे आपण इतके सहज उच्चारतो की त्याचा अर्थ ऐकूच येत नाही. आपण जुई नाव ठेवतो ते मूल जुईसारखे दिसावे म्हणून; आपल्या पणज्यांनी धोंडू ठेवले ते मूल दगडासारखे टिकावे म्हणून. आपल्याला हौस परवडते, कारण देवी आणि घटसर्प आपल्या दारातून गेले. निसर्गनावाचा गोडवा हा लसीकरणाने दिलेला गोडवा आहे, असे म्हटले तर काही वाचकांना ते रुक्ष वाटेल. पण ते खरे आहे.

आणि प्रभू येशूने स्वतः एका माणसाला नाव दिले, ते कोणते? शिमोन नावाचा कोळी त्याच्यासमोर आला तेव्हा त्याने त्याचे नाव केफा ठेवले. अरामी भाषेत केफा, ग्रीकमध्ये पेत्र, म्हणजे खडक. आपल्या मराठीत मनापासून सांगायचे तर धोंडू! आपण पीटर म्हणतो तेव्हा ते भारदस्त वाटते, धोंडू म्हणतो तेव्हा हसू येते. अर्थ मात्र एकच. फरक असा की आपल्या पणज्यांनी ते नाव मृत्यूच्या भयाने दिले आणि प्रभूने ते विश्वासाने दिले. तेही अशा माणसाला, जो पुढे कोंबडा आरवण्याआधी तीनदा डगमगणार होता. पेत्र खडक होता म्हणून त्याला ते नाव मिळाले नाही. नाव देणाऱ्याने आपला शब्द मागे घेतला नाही, म्हणून तो हळूहळू खडक झाला. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात विजयी माणसाला एक पांढरा खडा मिळणार आहे आणि त्यावर त्याचे नवे नाव कोरलेले असणार आहे. मूल गमावलेल्या आया जो दगड आपल्या लेकराच्या नावात ठेवीत होत्या, तोच अखेरीस देवाच्या हातातून परत यावा, हे मला फार मोठे सांत्वन वाटते.

परंतु सगळीच ओबडधोबड नावे भयातून येत नाहीत; काही नकारातून येतात. जोतीरावांच्या कटगुणचा तोच सातारा जिल्हा. मुलगाच हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचे नाव ‘नकुशा’ ठेवण्याची चाल तेथे होती. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींनी एका समारंभात आपली नवी नावे घेतली. धोंडू म्हणजे ‘तू जावे असे वाटत नाही’. नकुशा म्हणजे ‘तू यावे असे वाटत नव्हते’. दोन्ही नावे आईबापांनीच दिली. नाव हा आईबापांचा मुलाशी बोललेला पहिला शब्द असतो, आणि मूल तो जन्मभर रोज ऐकते. आपण ख्रिस्ती लोकांनी येथे स्वतःला फार वेगळे समजू नये. आपल्यात नकुशा नाव नाही. पण तिसरी मुलगी झाल्यावर स्नानसंस्काराला आलेल्या पाहुण्यांचे चेहरे मी पाहिले आहेत.

निसर्गाची नावे घेणाऱ्यांना आणखी एक प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या निसर्गालाही असावा. कोल्हापूरच्या पंचगंगेत शहराचे आणि कारखान्यांचे सांडपाणी जाते, हे आपण वर्षानुवर्षे पाहतो आहोत. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये तीच नदी घरांत शिरली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पृथ्वीविषयीचे परिपत्रक लिहिले, त्याचे नाव त्यांनी संत फ्रान्सिसच्या त्या गीतावरून घेतले, ज्यात सूर्य भाऊ आहे आणि पाणी बहीण. मुलीला सरिता म्हणायचे आणि नदीला गटार करायचे, हे एका घरात कसे चालेल?

आता पुन्हा मुलींकडे येतो, कारण पवित्र शास्त्रातील निसर्गनावांची सर्वांत सुंदर जागा मी मुद्दाम शेवटी राखून ठेवली आहे. ईयोबाने सर्व काही गमावले : गुरेढोरे, मुले, स्वतःचे आरोग्य. मग देवाने त्याला पुन्हा दिले. सात मुलगे आणि तीन मुली झाल्या. या सात मुलग्यांची नावे ग्रंथात नाहीत. तीन मुलींची आहेत. यमीमा, म्हणजे बहुधा कबुतरी. कसीया, म्हणजे दालचिनीसारखी सुगंधी साल. केरेन-हप्पूक, म्हणजे काजळ ठेवण्याचे शिंग, आपल्या भाषेत काजळाची डबी! दहा मुले पुरून बसलेल्या बापाने आपल्या मुलींना धोंडू-दगडूसारखी नावे दिली असती तर कोणीही त्याला समजून घेतले असते. त्याने पाखराचे, सुगंधाचे आणि काजळाचे नाव दिले. जो राखेत बसून आला होता, त्याने सृष्टीवर पुन्हा विश्वास ठेवला. ही हौस नव्हे. हौसेने नाव ठेवणाऱ्याने आधी काही गमावलेले नसते.

ग्रंथकर्ता लगेच पुढच्याच वचनात आणखी एक गोष्ट नोंदवितो, आणि प्रवचनांत तिच्यावरून आपण घाईने पुढे जातो. ईयोबाने या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतनात वाटा दिला. त्या काळात मुलगे असताना मुलींना वाटा मिळत नसे. आपल्याकडे ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. तरीही जमिनीची वेळ आली की बहिणीला माहेरी बोलावून घेतात, चहा देतात आणि हक्कसोडपत्र पुढे करतात. तीही सही करते, कारण नाही म्हटले तर माहेर तुटेल. बारशाला आत्याने ज्या कानात हौसेने ‘जुई’ म्हटले, त्या जुईचे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडते, लग्नाच्या नोंदवहीत सापडते, सातबाऱ्यावर मात्र सापडत नाही. अशा एका सहीसाठी साक्षीदार म्हणून मलाही एकदा बोलावले होते. मी त्या घरी गेलो, ईयोबाचा शेवटचा अध्याय वाचला आणि सही न करता परत आलो. त्या कुटुंबातील भावाने पुढे काय केले, ते सांगण्याचा अधिकार त्याचा आहे. पण त्या संध्याकाळी तो कागद घडी घालून कपाटात ठेवला गेला, एवढे मी पाहिले.